दिल्लीहून भुवनेश्वरला: एका फुटबॉल क्लबच्या स्थलांतराचं प्रकरण

पार्श्वभूमी

३१ ऑगस्ट २०१९ रोजी दिल्ली डायनामोज या फुटबॉल क्लबनं दिल्ली सोडत असल्याचं जाहीर केलं. मुक्काम भुवनेश्वरला, नाव ओडिशा एफसी, रंग आणि बोधचिन्हही नवं. इंडियन सुपर लीगचा (आयएसएल) पुढचा हंगाम २० ऑक्टोबरला सुरू व्हायचा होता, म्हणजे हातात जेमतेम सात आठवडे होते. २०११ च्या जनगणनेनुसार दिल्लीची लोकसंख्या १ कोटी ६८ लाखांच्या घरात, तर भुवनेश्वरची सुमारे ८ लाख ४० हजार. वीसपट लहान शहरात जाण्याचा निर्णय क्लबनं का घेतला, त्यातून त्याला काय मिळालं आणि काय हातचं गेलं, याचा हा आढावा. क्लब आणि शहरं सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे त्यांची नावं आहेत तशी ठेवली आहेत. मालक, अधिकारी आणि चाहते यांना मात्र नावानं घेतलेलं नाही.

पुण्याच्या वाचकाला या प्रकरणात दुप्पट रस असायला हवा. त्याच आठवड्यात आपला एफसी पुणे सिटी मोडीत निघाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. एका आठवड्यात दोन शहरांचे क्लब गेले. त्यातल्या एकाच्या जाण्याला तरी हिशेब होता.

आयएसएल २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली. कोलकाता, मुंबई, दिल्ली, चेन्नई, पुणे, गोवा, कोची आणि ईशान्येसाठी गुवाहाटी, अशी शहरं आधी ठरली आणि क्लब नंतर जन्माला आले. या लीगमध्ये तेव्हा तळाला गेलं तरी खालच्या श्रेणीत उतरावं लागत नसे. फ्रँचायझी फी भरायची आणि खेळायचं. दिल्ली डायनामोज हा कुठल्या मोहल्ल्यातल्या पोरांनी वर्गणी काढून उभा केलेला क्लब नव्हता. मालकानं हक्क घेतले, लीगनं शहर दिलं, आणि चाहत्यांनी त्यानंतर जीव लावला. हा क्रम लक्षात ठेवला तरच पुढच्या घडामोडींचा अर्थ लागतो.

सुरुवात झोकात झाली. पहिल्या हंगामात इटलीचा देल पिएरो दिल्लीच्या जर्सीत उतरला. दुसऱ्या वर्षी ब्राझीलचा रॉबर्टो कार्लोस खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत आला, तिसऱ्या वर्षी झांब्रोटा प्रशिक्षक होता. २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षं संघ उपांत्य फेरीत पोचला. ब्राझीलच्या मार्सेलिन्योनं २०१६ मध्ये लीगमधले सर्वाधिक गोल केले तेही दिल्लीकडूनच.

अडचण

पहिले तीन हंगाम ऑक्टोबर ते डिसेंबर एवढेच असत. २०१७-१८ पासून संघ दहा झाले आणि हंगाम मार्चपर्यंत लांबला. सामने वाढले, परदेशी खेळाडूंचे करार लांबले, हॉटेल, विमानं, सराव मैदान या सगळ्याचा खर्च त्याच प्रमाणात फुगला. दरम्यान दिल्ली डायनामोजचे मालकही बदलले होते. मैदानावर मात्र उतरती कळा लागली. २०१७-१८ आणि २०१८-१९ या दोन्ही हंगामांत संघ दहांत आठवा आला.

घरचं मैदान होतं जवाहरलाल नेहरू स्टेडियम. साठ हजार आसनं, भोवती धावण्याचा ट्रॅक. क्लब तिथं भाडेकरू होता. सामन्याच्या दिवशी मैदानाचं भाडं, पोलीस बंदोबस्त, खासगी सुरक्षारक्षक, दिवे, रुग्णवाहिका, अग्निशमन, साफसफाई एवढं सगळं उभं करावं लागतं. त्यातला बराचसा खर्च पाच हजार लोक आले काय नि पंचवीस हजार आले काय, सारखाच राहतो. गेट उघडायचं म्हणजे उघडायचं. शिवाय साठ हजारांच्या वाडग्यात पाच हजार लोक बसले की टीव्हीवर रिकाम्या खुर्च्याच दिसतात. प्रायोजक त्या खुर्च्या मोजतो, आणि घरी बसलेला माणूस ठरवतो की आपण गेलो नाही ते बरंच झालं.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. दिल्लीला फुटबॉलचं वावडं आहे, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. ते खरं नाही. ड्युरँड कप ही देशातली सर्वात जुनी स्पर्धा कित्येक दशकं दिल्लीत रंगायची. दिल्ली गेटजवळच्या आंबेडकर स्टेडियमवर २००७ आणि २००९ मध्ये भारतानं सीरियाला हरवून नेहरू कप जिंकला तेव्हा स्टँड ओसंडून वाहत होते. दिल्लीच्या स्थानिक लीगमध्ये गढवाली मंडळींचे, बंगाल्यांचे, जुन्या दिल्लीतल्या मोहल्ल्यांचे क्लब पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले आहेत. फुटबॉलवेडी माणसं तिथं होती. त्यांच्यात आणि या नव्या क्लबात कधी सोयरीक जुळली नाही, एवढंच. पावणेदोन कोटींचं शहर ही कागदावरची बाजारपेठ होती. क्लबची खरी बाजारपेठ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी काही हजार माणसं.

समोरचे पर्याय

पर्यायांची ही मांडणी माझी आहे. क्लबच्या जागी कुणीही असतं तरी एवढे तरी मार्ग त्याला तपासावे लागले असते.

पहिला, नेहरू स्टेडियमवरच राहायचं आणि तोटा सोसत माणसं जोडायची. हा सर्वात प्रामाणिक मार्ग, पण त्याला निदान पाच वर्षं लागतात आणि ती पाच वर्षं कुणीतरी पैसा ओतावा लागतो. चांगल्या संघाशिवाय माणसं येत नाहीत आणि माणसांशिवाय चांगल्या संघाचा खर्च निघत नाही, हा फेरा तोडायचा तर मालकाचा खिसा खोल हवा.

दुसरा, शहर तेच ठेवून मैदान लहान करायचं. आंबेडकर स्टेडियम हे त्याचं नैसर्गिक उत्तर. खेळाच्या अगदी जवळ बसता येतं, जुन्या दिल्लीतून चालत येता येतं, आणि फुटबॉलचा इतिहास त्या मातीत आहे. त्या वेळच्या तिथल्या सुविधा टीव्हीवर झळकणाऱ्या लीगला पुऱ्या पडणाऱ्या नव्हत्या. जागा महापालिकेची असल्यामुळे सुधारणा करायच्या तर परवानग्यांचा खटाटोप आला. माझ्या मते तरीही हाच पर्याय सर्वात आधी आणि सर्वात चिकाटीनं तपासण्यासारखा होता.

तिसरा, काही सामने दिल्लीत आणि काही भुवनेश्वरला. ऐकायला सोयीचा, पण दोन ठिकाणी मैदान, दोन ठिकाणी सराव आणि दोन्हीकडच्या लोकांना अर्धवट आपलेपणा. दोन दगडांवर पाय ठेवून फार दिवस उभं राहता येत नाही.

चौथा, हक्क विकून मोकळं व्हायचं. २०१९ मध्ये गिऱ्हाईक मिळालं असतं तरी दिल्लीतच राहणारं मिळालं असतं याची खात्री कोण देणार? पुण्याच्या जागेचं काय झालं ते समोरच दिसत होतं. मालकांच्या आर्थिक अडचणींत एफसी पुणे सिटी बुडाला, आणि तोही २०१७-१८ मध्ये उपांत्य फेरी गाठून दीड वर्ष उलटलं नाही तोवर.

पाचवा, सगळं गुंडाळून भुवनेश्वर.

निर्णयाचा क्षण

भुवनेश्वरचं पारडं जड झालं ते तिथल्या प्रेक्षकसंख्येमुळे नव्हे, तर तिथल्या सरकारमुळे. ओडिशा सरकार तेव्हा खेळांवर पैसा आणि लक्ष दोन्ही घालत होतं. २०१७ ची आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धा भुवनेश्वरनं पार पाडली होती. २०१८ पासून भारतीय हॉकी संघांचं प्रायोजकत्व या राज्याकडे होतं आणि त्याच वर्षी पुरुषांचा हॉकी विश्वचषक कलिंगा स्टेडियमच्या संकुलात झाला होता. २०१८ आणि २०१९ चे सुपर कपही तिथंच खेळले गेले, म्हणजे फुटबॉलच्या मंडळींना ते मैदान परकं नव्हतं. मुलींच्या सतरा वर्षांखालील विश्वचषकासाठी तिथं नूतनीकरणही चालू होतं.

कलिंगाच्या फुटबॉल मैदानाची क्षमता सुमारे पंधरा हजार. तेच पाच हजार लोक इथं बसले तर एक तृतीयांश स्टेडियम भरतं, आवाज मैदानात उतरतो. राज्यात आयएसएलचा दुसरा संघ नाही, भुवनेश्वर-कटक पट्ट्यात संध्याकाळी कुटुंब घेऊन जाण्यासारखे मोठे खेळसोहळे मोजकेच. दिल्लीत क्लब शंभर करमणुकींपैकी एक होता, भुवनेश्वरला तो राज्याच्या नावानं खेळणार होता. घरमालक, प्रायोजक आणि स्वागताध्यक्ष अशा तिन्ही भूमिकांत सरकारच उभं होतं. संघात शुभम सारंगी हा ओडिया खेळाडू आधीपासून होता. प्रशिक्षक जोसेप गोंबाऊ कायम राहिला, खेळाडूंचा बराचसा ताफाही तोच राहिला. बदलायचं ते नाव, गाव आणि रंग.

एवढं जुळून येत असताना नाही म्हणणं अवघड होतं, हे मला मान्य आहे. हिशेबाच्या वहीत हा निर्णय बरोबरच होता. पण वहीत एक रकाना राहून गेला. दिल्लीत पाच वर्षं ढोल बडवत स्टँडमध्ये उभे राहिलेले जे थोडके चाहते होते, त्यांचं काय? त्यांच्या गटांशी आधी बसून बोलणं, हंगामभराचं वेळापत्रक समजावणं, निरोपाचा एखादा सामना खेळणं, यातलं काहीही सात आठवड्यांत बसणारं नव्हतं. जो क्लब ते आपला म्हणत होते, तो एका घोषणेनं दुसऱ्या राज्याचा झाला. संख्येनं कमी असणं हा त्यांचा दोष नव्हता. उलट रिकाम्या स्टेडियममध्येही जे येत राहिले, त्यांचंच देणं जास्त होतं.

पुण्यातले तीन सामने

घोषणा झाली, पण कलिंगाचं काम संपलेलं नव्हतं. पहिला महिना संघानं परक्या मैदानांवर काढला. घरचा हंगाम सुरू झाला तो भुवनेश्वरला नव्हे, तर बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात. २४ नोव्हेंबरला कोलकात्याच्या एटीकेशी गोलशून्य बरोबरी, ४ डिसेंबरला बंगळुरूकडून ०-१ हार, आणि ११ डिसेंबरला हैदराबादवर ३-२ असा विजय.

या शेवटच्या सामन्याजवळ थोडं थांबायला हवं. मैदान पुण्याचं, ज्या पुण्याचा क्लब चार महिन्यांपूर्वी गेला होता. यजमान ओडिशा, म्हणजे कालची दिल्ली. पाहुणे हैदराबाद, म्हणजे कालच्या पुण्याची जागा, पुण्याचाच आधीचा प्रशिक्षक फिल ब्राउन आणि पुण्याकडून खेळलेले काही खेळाडू घेऊन आलेला संघ. हायवेच्या कडेच्या त्या स्टेडियममध्ये पाच वर्षं नारिंगी जर्सी घालून येणाऱ्या पुणेकरानं त्या संध्याकाळी टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? यजमान संघाच्या नावात त्याचं शहर नाही, पाहुण्यांच्या नावातही नाही. तिन्ही शहरांवर काय गुदरलं ते समजून घ्यायला मला दुसरा कुठला पुरावा लागत नाही. मार्सेलिन्यो तर पुढच्याच हंगामात ओडिशाकडे गेला. दिल्ली, पुणे, हैदराबाद, ओडिशा असे चारही बिल्ले त्यानं छातीवर लावले.

व्यवस्थापनाच्या बाजूनं पाहिलं तर हे तीन सामने म्हणजे घाईची किंमत होती. नव्या शहरातल्या लोकांचा उत्साह घोषणेनंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत सर्वात जास्त असतो. नेमक्या त्याच काळात संघ त्यांच्यापासून दीड हजार किलोमीटरवर खेळत होता.

काय घडलं

२७ डिसेंबर २०१९ रोजी कलिंगावर पहिला सामना झाला. अरिदाने सांतानाच्या दोन गोलांच्या जोरावर ओडिशानं जमशेदपूरला २-१ नं हरवलं. पाठोपाठ चेन्नई आणि मुंबईलाही तिथंच प्रत्येकी २-० नं नमवलं. हंगामाअखेर संघ सहावा आला. दिल्लीच्या शेवटच्या दोन वर्षांपेक्षा बरी कामगिरी आणि स्टँडमध्ये जाग. निर्णय फळाला येतोय असं वाटत असतानाच कोविड आला.

२०२०-२१ आणि २०२१-२२ हे दोन्ही हंगाम गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोच्या मैदानांवर बंदोबस्तात खेळले गेले. जुन्या क्लबांच्या लोकांनी घरी बसून वाट पाहिली. ओडिशाच्या नव्या प्रेक्षकानं मात्र उणेपुरे दोन महिने क्लब पाहिला होता. त्याला दोन वर्षं संघ टीव्हीवरच बघावा लागला. २०२०-२१ मध्ये ओडिशा अकरांत शेवटचा होता. स्थलांतराचं गणित मांडताना कुणीही ही शक्यता धरली नसती, त्यामुळे त्याचा दोष निर्णयाला देणं बरोबर नाही. पण नात्याची उभारणी तिथं खरोखर दोन वर्षं मागे पडली.

त्यानंतरचे दिवस चांगले होते. २०२२ च्या शरदात घरचे सामने परत आले. २५ एप्रिल २०२३ रोजी कोझिकोडला बंगळुरूला २-१ नं हरवून ओडिशानं सुपर कप जिंकला, क्लबचा पहिला मोठा करंडक. तेव्हा प्रशिक्षकाच्या खुर्चीवर होता गोव्याचा क्लिफर्ड मिरांडा, तोही हंगामी नेमणुकीवर. पुढच्या हंगामात सर्जिओ लोबेराच्या हाताखाली संघ आशियाई पातळीवर एएफसी कपमध्ये खेळला. घरच्या मैदानावर मोहन बागाननं ४-० नं धुलाई केली होती. त्याच बागानला कोलकात्यात जाऊन ५-२ नं हरवत ओडिशानं गट जिंकला. आयएसएलमध्ये संघ चौथा आला, केरळला अतिरिक्त वेळेत हरवून उपांत्य फेरीत गेला, आणि कलिंगावर बागानविरुद्धची पहिली लढत २-१ नं जिंकूनही परतीच्या सामन्यात ०-२ नं बाहेर पडला. ती कलिंगावरची रात्र २०१९ च्या निर्णयाच्या बाजूनं सर्वात मोठी साक्ष आहे.

मला मात्र सर्वात मोलाची वाटते ती महिला संघाची गोष्ट. मुलींच्या फुटबॉलला ओडिशात आधीपासूनच जमीन होती, राज्यातून राष्ट्रीय संघात खेळाडू जात होत्या. क्लबनं महिला संघ उभा केला आणि २०२३-२४ ची इंडियन विमेन्स लीग जिंकली. आहे त्या मातीत पेरलं की उगवतं, हे इथं दिसलं. दिल्लीत पाच वर्षांत स्थानिक फुटबॉलशी असा सांधा क्लबला कधी जुळवता आला नव्हता.

आता दुसरी बाजू. दिल्लीत क्लब प्रेक्षकांच्या अभावी अडला होता, भुवनेश्वरला तो एकाच आधारावर उभा राहिला. मैदान सरकारचं, खेळांवरचा पैसा सरकारचा, धोरणही सरकारचं. जून २०२४ मध्ये ओडिशात चोवीस वर्षांनी सत्ता बदलली. खेळांविषयीची आस्था एका पक्षाची खासगी मालमत्ता नसते आणि नवं सरकार पाठ फिरवेलच असंही नाही. पण ज्या क्लबचं बस्तान एका राजवटीच्या उत्साहावर बसलं, त्याला प्रत्येक निवडणूक स्वतःच्या ताळेबंदाइतकीच महत्त्वाची ठरते. २०२५ च्या उन्हाळ्यात भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगचे संचालक यांच्यातला पंधरा वर्षांचा करार संपत आल्यामुळे आख्खी लीगच लटकली, तेव्हा ओडिशा एफसीनं खेळाडूंचे करार स्थगित केले. ही झळ सगळ्याच क्लबांना लागली. तिकिटांवर आणि सभासदांवर चालणारा क्लब अशा वेळी निदान स्वतःच्या लोकांकडे हात पसरू शकतो. सरकार आणि लीग या दोघांवर उभ्या असलेल्या क्लबापाशी तो मार्ग नव्हता.

तुलनेसाठी विम्बल्डन

लहान बाजारपेठेकडे जाण्याचं जगातलं सर्वात गाजलेलं उदाहरण इंग्लंडमधलं. १८८९ साली स्थापन झालेल्या आणि १९८८ मध्ये लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकलेल्या विम्बल्डन क्लबनं १९९१ मध्ये प्लाऊ लेन हे आपलं जुनं मैदान सोडलं आणि पुढची बारा वर्षं क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाड्यानं काढली. मग मालकांनी लंडन सोडून उत्तरेला मिल्टन कीन्स या नव्या शहरात जायचं ठरवलं. लीगनं आधी नकार दिला. पुढे तीन सदस्यांच्या आयोगानं २८ मे २००२ रोजी दोन विरुद्ध एक अशी परवानगी दिली. चाहत्यांनी त्याच आठवड्यात स्वतःचा नवा क्लब काढायला घेतला आणि तो नवव्या श्रेणीतून सुरू केला. २०११ मध्ये एएफसी विम्बल्डन व्यावसायिक लीगमध्ये परतला, २०२० मध्ये प्लाऊ लेनला परतला. गेलेला क्लब एमके डॉन्स या नावानं अजून खेळतो, पण जुना करंडक आणि इतिहास त्यानं २००७ मध्ये विम्बल्डनच्या लोकांना परत केला.

विम्बल्डनची माणसं शंभर वर्षांची होती, दिल्लीची पाच. म्हणून दिल्लीत असा उठाव झाला नाही. स्थलांतर शांतपणे पार पडलं याचा अर्थ ते योग्य रीतीनं झालं, असा मात्र काढू नये. विरोध करायला हवी असलेली फळी तयार व्हायलाच वेळ मिळाला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे वेळ. घोषणा ऑगस्टच्या अखेरीऐवजी हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये झाली असती तर मैदानाचं काम, तिकीटविक्री, शाळांशी संपर्क आणि ओडिया भाषेतली जाहिरात या सगळ्याला सहा महिने मिळाले असते. मैदान तयार नसेल तर आणखी एक वर्ष थांबून दिल्लीत नीट निरोपाचा हंगाम खेळणं हा मार्गही उघडा होता. त्याचा तोटा मालकाला सोसावा लागला असता, पण नव्या शहरात पहिल्या दिवसापासून घरी खेळता आलं असतं.

दुसरं, दिल्लीशी धागा ठेवणं. वर्षाकाठी एखादा मैत्रीपूर्ण सामना, दिल्लीतली मुलांची अकादमी चालू ठेवणं, जुन्या चाहत्यांना नव्या क्लबात सभासदत्वाचा हक्क. यातलं काहीच खर्चिक नव्हतं. उलट दिल्लीत नोकरी-शिक्षणासाठी राहणाऱ्या ओडिया लोकांना क्लब तिथंही आपला वाटला असता.

तिसरं, सरकारशी केलेल्या कराराचे मुख्य मुद्दे लोकांसमोर ठेवणं: मैदान किती वर्षांसाठी, कोणत्या भाड्यानं, आणि आधार काढून घेतला तर क्लबची तरतूद काय. भुवनेश्वरच्या ज्या पोरानं २०१९ मध्ये नवी जर्सी विकत घेतली, त्याला हे कळायचा अधिकार होता. एकदा गाव सोडलेला क्लब पुन्हा सोडणार नाही, हे त्याला कुणी लिहून दिलं होतं?

लीगचीही जबाबदारी होती. दोन क्लबांची शहरं एकाच आठवड्यात बदलतात आणि चाहत्यांचं म्हणणं ऐकून घेणारी कुठलीच पायरी मध्ये येत नाही, ही त्रुटी तेव्हा बुजवली गेली नाही. म्हणून २०२५ मध्ये पुन्हा तेच झालं. पुण्याच्या जागेवर उभा राहिलेला, २०२२ मध्ये आयएसएल जिंकलेला हैदराबाद एफसी पैशाच्या अडचणीत सापडला, मालकी बदलली आणि क्लब दिल्लीला गेला. आता त्याचं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. दिल्लीला सहा वर्षांनी क्लब मिळाला, हैदराबादच्या विजेत्या संघाचे चाहते मोकळ्या हातानं राहिले.

महाराष्ट्राच्या संदर्भात

पुण्याची जागा गेली तेव्हा आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघायचा: हा क्लब कोल्हापूरला का नेला नाही? प्रश्न रास्त आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा किंवा शिवाजी आणि दिलबहार या तालमींचे संघ भिडले की पेठाच्या पेठा रिकाम्या होतात. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच गावचा. लहान बाजारपेठ आणि खच्चून भरलेली गॅलरी, दोन्ही एका ठिकाणी.

भुवनेश्वरचं प्रकरण वाचल्यावर मात्र घाईनं हो म्हणवत नाही. भुवनेश्वरला तयार मैदान, दिवे, हॉटेलं, विमानतळ आणि खर्च उचलणारं सरकार होतं, क्लबनिष्ठेची जागा मोकळी होती. कोल्हापुरात नेमकं उलट आहे. तिथं सामने दिवसा उजेडी होतात, लीगच्या निकषांत बसणारं स्टेडियम उभं करायला मोठा खर्च लागेल, आणि निष्ठेची जागा तालमींनी केव्हाच भरलेली आहे. मंगळवार पेठेतला माणूस आजोबांपासूनचा झेंडा खाली ठेवून बाहेरून आलेल्या फ्रँचायझीचा झेंडा उचलेल, हे मला शक्य वाटत नाही. तालीम मंडळांना भागीदार करून, त्यांची पोरं अकादमीत आणि त्यांची माणसं क्लबच्या कारभारात घेऊन कुणी यायला तयार असेल, तर गोष्ट वेगळी. त्यासाठी आधी मंडळांसोबत आणि कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनसोबत बसावं लागेल, मग महापालिका आणि राज्य सरकारकडून मैदानाचा लेखी, दीर्घ मुदतीचा करार घ्यावा लागेल, आणि क्लबचं नाव काय ठेवायचं ते त्यानंतर.